घड्याळजीची पेटी



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका रविवारी सकाळी आम्ही जुन्या बाजारात हिंडत असता एका विक्रेत्याने पसरलेल्या चादरीवर आम्हांला एक लाकडी पेटी दिसली. झाकण उघडून पाहतो तो आत एका फळीला रांगेने पाडलेली शंभराच्या घरातली बारीक भोके, आणि बोटाएवढ्या लांबीच्या पोलादी काड्या अवघ्या सात-आठ. बाकीच्या कोठे गेल्या म्हणून विचारले. विक्रेता म्हणाला, "त्या चपला शिवणारे घेऊन गेले, चामड्याला भोके पाडायला. सुट्या चांगल्या खपतात, साहेब. पेटी पाहिजे तर न्या, पन्नास रुपये द्या." शेजारच्या लोखंडाच्या ढिगात निकेलचा मुलामा दिलेला एक जड सांगाडा पडला होता. त्या काड्या ज्यात बसवून वापरायच्या तो हाच. संध्याकाळी तो किलोच्या भावाने भंगारात जायचा होता.

विक्रेत्याचे यात काही चुकले असे आम्हांला वाटत नाही. त्याच्या दृष्टीने ती शंभर काड्या, एक सांगाडा आणि एक डबा अशी सुटी मालमत्ता होती. वस्तुतः ती एकच वस्तू होती. तिचे भाग शंभर होते इतकेच. सतार मोडून खुंट्या वेगळ्या, तारा वेगळ्या आणि भोपळा वेगळा विकावा, तसे ते झाले होते.

घड्याळदुरुस्तीच्या जुन्या पेट्या जमवणारे लोक आज आपल्याकडे थोडे का होईना आहेत. परदेशांत तर पुष्कळ आहेत. आम्हीही त्यांतलेच एक. परंतु या पेट्या जमवाव्यात कशासाठी, ओळखाव्यात कशा आणि मुख्य म्हणजे त्या वापराव्यात की नुसत्या पाहाव्यात, या प्रश्नांचा विचार सहसा होत नाही. तो आज आपण करू.

घड्याळाची गरज

हत्यार समजायचे तर आधी काम समजले पाहिजे. घड्याळाला चावी दिली की मुख्य कमान गुंडाळली जाते, आणि ती उलगडताना चाकांची माळ फिरवते. ही माळ सुसाट धावू नये म्हणून तिच्या शेवटी एक चक्र असते. ते एकदा इकडे आणि एकदा तिकडे असे हेलकावे खाते, आणि दर हेलकाव्याला माळेला मोजून थोडीशीच पुढे सरकू देते. या चक्राला घड्याळजी बॅलन्स म्हणतात. मनगटावरच्या जुन्या घड्याळांत ते बहुधा सेकंदाला पाच हेलकावे घेते. म्हणजे तासाला १८,००० आणि दिवसाला ४,३२,०००.

दिवसाचे सेकंद ८६,४००. दिवसाला एक मिनिट मागे पडणारे घड्याळ आपण 'बिघडले' म्हणून दुकानात नेऊन टाकतो. पण हिशेब केला तर ते हजार भागांत एक भागही चुकलेले नसते. आपल्यापैकी कोणाचे कामकाज हजारात एका भागाइतकेच चुकते, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी पाहावे!

हे चक्र ज्या आसावर फिरते त्याला स्टाफ म्हणतात. आसाच्या दोन्ही टोकांना निमुळती टोके असतात, ती पिव्हट. मनगटी घड्याळात या पिव्हटची जाडी एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी, पुष्कळदा त्याहूनही कमी असते. म्हणजे माणसाच्या केसाहून ती जेमतेम जाड. ही दोन टोके माणकाच्या भोकांत टेकून चक्राचा सगळा भार वाहतात. घड्याळ फरशीवर पडले की पहिला बळी यांचाच जातो. १९३० च्या दशकापासून या टोकांना धक्का सोसणारी लवचीक बैठक देण्याची पद्धत रूढ होत गेली. तबकडीवर 'शॉकप्रूफ' असे लिहिलेले असते ते यामुळे. पण त्यापूर्वीच्या, आणि त्यानंतरच्याही अनेक स्वस्त घड्याळांत ही सोय नव्हती. आजोबांचे खिशातले घड्याळ 'एकदा पडले आणि बंद झाले' असे ज्या ज्या घरी सांगतात, तेथे बहुतेक वेळा पिव्हट मोडलेला असतो.

मोडलेला पिव्हट सांधत नाहीत. अख्खा आस बदलतात. आणि येथे आपल्या पेटीचे काम सुरू होते.

पेटीत काय असते

बाजारात आम्हांला दिसली ती पेटी म्हणजे स्टेकिंग सेट. त्यातला सांगाडा इंग्रजी सी अक्षरासारखा वाकलेला असतो. त्याच्या पायथ्याशी पोलादाची एक गोल चकती असते आणि तिच्या कडेने लहानापासून मोठ्यापर्यंत चढत्या मापाची भोके असतात. चकती आपल्या मध्याभोवती फिरते. हवे ते भोक समोर आणता येते. वरच्या बाहूत एक उभी नळी असते. तिच्यातून काडी, म्हणजे पंच, खाली सोडतात. आपल्या गावच्या लोहाराला हे हत्यार दाखवले तर तो म्हणेल, हा तर सुंभा आणि खाली ऐरण! आणि ते खरेच आहे. फरक एवढाच की लोहाराचा सुंभा त्याच्या मुठीत असतो आणि त्याची दिशा त्याची नजर ठरवते. येथे सुंभ्याची दिशा सांगाडा ठरवतो. हात थरथरला तरी काडी तसूभर हलत नाही.

ती बरोबर भोकाच्या मध्यावर उतरावी म्हणून पेटीत एक टोकदार काडी असते. काम सुरू करण्याआधी ती नळीतून खाली सोडायची, तिचे टोक निवडलेल्या भोकात बसले की चकती आपोआप जागेवर येते. मग मागचा स्क्रू आवळून चकती पक्की करायची आणि टोकदार काडी काढून ठेवायची. आता वरची नळी आणि खालचे भोक एका रेषेत आले. सगळ्या सेटचा प्राण या एका रेषेत आहे.

नवा आस बसवायची रीत अशी. आसाच्या मध्यावर एक कंगोरा असतो, त्यावर चक्राची आडवी दांडी टेकते. दांडीच्या भोकातून वर आलेली आसाची पातळ कड पसरून दांडीवर दाबायची, म्हणजे आस आणि चक्र एकजीव होतात. यासाठी आसाचा खालचा भाग चकतीच्या अशा भोकात सोडायचा की तो आत मोकळा राहील, पण कंगोरा मात्र काठावर टेकेल. मग वरून पोकळ काडी आणायची. तिचे भोक असे हवे की वरचा पिव्हट आणि केसासारखी बारीक कमान बसण्याची जागा तिच्यात सुरक्षित जाईल, आणि तिची कड मात्र नेमकी रिव्हेटवर येईल. आधी गोलसर तोंडाची काडी: तिने कड बाहेर पसरते. मग सपाट तोंडाची: तिने पसरलेली कड खाली बसते. पितळी हातोडीच्या हलक्या टिचक्या, आणि दर टिचकीनंतर चक्र थोडे फिरवायचे.

आता लक्षात येईल की एकाच कामाला चकतीचे एक नेमके भोक आणि दोन नेमक्या काड्या लागल्या. आसांची मापे घड्याळागणिक वेगळी, म्हणून काड्या पुष्कळ. लहान सेटमध्ये त्या दोन-तीन डझन असतात, मोठ्यात शंभरावर. सगळ्या रोज लागत नाहीत. पण एखाद्या दिवशी जी लागते ती नसली, तर उरलेल्या नव्व्याण्णव असून उपयोग नसतो.

ही हत्यारे आली कोठून

घड्याळाची हत्यारे करणे हा पूर्वी स्वतंत्र धंदा होता. अठराव्या शतकात इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील प्रेस्कॉट आणि आसपासची गावे यासाठी प्रसिद्ध होती. कारागीर आपापल्या घरी, छोट्या कर्मशाळेत कानशी, चिमटे, पकडी घडवत. याच भागातील जॉन वाईक याने पुढे लिव्हरपूल येथून हत्यारांची सचित्र यादी छापली. वॉरिंग्टनचा पीटर स्टब्स (१७५६–१८०६) हा तर एकाच वेळी खानावळवाला आणि कानशी करणारा होता. त्याच्या कानशींचे नाव दूरवर गेले. स्वित्झर्लंडमध्ये ज्यूरा पर्वताच्या दऱ्यांत असाच गृहोद्योग वाढला. ल लोक्ल या गावची बर्जों ही पेढी आपला आरंभ १७९१ सालचा सांगते, आणि घड्याळजींच्या मेजावर तिची हत्यारे आजही असतात.

त्या काळचे लेथही साधे होते. आपला सुतार कमठ्याच्या दोरीने सामता फिरवी, त्याच रीतीने घड्याळजी घोड्याच्या शेपटीच्या केसाची धनुकली डाव्या हाताने ओढून दोन टोकांमध्ये धरलेला आस फिरवी आणि उजव्या हातातल्या कोरणीने तो कातत असे. ही पद्धत मागासलेली वाटते. पण दोन स्थिर टोकांवर फिरणारी वस्तू अगदी नेमकी गोल कातली जाते, म्हणून जाणते कारागीर ती पुढेही वापरत राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम येथे यंत्राने घड्याळे होऊ लागली. एकाच मापाचे भाग हजारोंनी करायचे म्हणजे मापाची शिस्त आलीच. त्याच गावातून वेब्स्टर आणि व्हिटकोंब या दोघांच्या नावाने ओळखला जाणारा छोटा लेथ निघाला. न्यू हँपशरमधील लेबनन गावच्या केंड्रिक अँड डेव्हिस या पेढीने स्टेकिंग सेट असे केले की ते आज शंभर वर्षांनीही चालतात. त्यांच्या 'इन्व्हर्टो' नावाच्या सेटमध्ये वरची काडी उलटी करून खाली ऐरणीसारखीही बसवता येते. जर्मनीत एस्लिंगेन येथे १८७० साली निघालेल्या बोली या पेढीने लेथ आणि सेट दोन्ही केले. आपण ज्यांना जुन्या पेट्या म्हणतो त्या बहुतेक या पिढीतल्या.

मापांची भाषा

स्टेकिंग सेट हे एक उदाहरण झाले. घड्याळजीच्या साऱ्या जुन्या संचांत हेच तत्त्व दिसते.

लेथ घ्या. त्यात वस्तू धरण्यासाठी तीन फाकांची पोकळ नळी असते. तिला कोलेट म्हणतात. प्रत्येकीवर आकडा असतो, आणि तो मिलिमीटरच्या दहाव्या भागांत वाचायचा. ३० चा कोलेट तीन मिलिमीटरची सळई धरतो, ३१ चा तीन पूर्णांक एक. ३० च्या कोलेटमध्ये त्याहून जाड सळई रेटून घातली तर फाका कायमच्या पसरतात, आणि मग तो कोलेट ना तिसाचा राहतो ना एकतिसाचा.

माणके बसवण्याचा झाइट्झ हा स्विस संच याहून बारीक. घड्याळातले माणिक आपल्या भोकात केवळ घट्टपणाने बसवायचे असते. ना डिंक, ना खिळा. माणकांचा बाहेरचा व्यास ठराविक असतो: ०.८०, ०.९०, १.०० मिलिमीटर, असा चढता. भोक साफ करणाऱ्या रीमरवर आकडे असतात ७९, ८९, ९९. म्हणजे भोक माणकापेक्षा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने लहान ठेवायचे आणि माणिक दाबून बसवायचे. त्या शंभराव्या भागावर ते पन्नास वर्षे तग धरते. कोणा अजाण माणसाने ८९ चा रीमर गंजला म्हणून पॉलिश कागदाने घासला, तर तो दिसतो रीमरच. पण त्याच्यावरचा आकडा खोटा झालेला असतो.

संच याचा अर्थ हा आहे. प्रत्येक तुकड्याचे मोल शेजारच्या तुकड्यावरून ठरते. ही गोष्ट आम्ही पुस्तकात वाचली होती. पण पटली ती एका चुकीमुळे.

आमची एक चूक

आमच्याजवळ चांगला स्टेकिंग सेट आला तेव्हा आम्हांला फार आनंद झाला. एका मित्राने आपल्या आजोबांचे खिशातले घड्याळ विश्वासाने आमच्या हाती दिले. त्याचा पिव्हट मोडला होता. त्याच जातीचा नवा आस आम्ही खटपटीने मिळवला. जुना काढायचा म्हणून चक्र चकतीवर ठेवले, काडी आणली आणि हातोडीने आस खाली ठोकून काढला. तो निघाला, आम्ही खूश झालो. पण नवा आस बसवून पाहतो तो चक्र फिरताना वरखाली लटपटू लागले. जुन्या रिव्हेटची पसरलेली कड खाली येताना तिने दांडीचे भोक ओढून मोठे केले होते.

आम्ही ते चक्र घेऊन शहरातल्या एका वृद्ध घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, बराच वेळ पाहिले, आणि भिंग न काढताच विचारले, "लेथवर धरून रिव्हेट कातली नाहीत?" आमच्याजवळ लेथ नव्हता असे आम्ही सांगितले. ते म्हणाले, "मग काम सुरू कशाला केलेत? ठोकायचे हत्यार निम्मे काम करते. निम्मे आधी लेथने करायचे असते." जुनी कड आधी कोरणीने कातून टाकायची, मग आस टिचकीसरशी सुटतो आणि भोक शाबूत राहते, ही रीत त्यांनी त्याच वेळी एका टाकाऊ चक्रावर करून दाखवली. आमच्या मित्राच्या घड्याळासाठी त्याच जातीचे दुसरे चक्र एका भंगार घड्याळातून मिळायला सहा महिने लागले. घड्याळ आज चालते. पण त्यात आजोबांच्या वेळचे चक्र नाही. मित्र त्याबद्दल कधी बोलला नाही. आम्हांला मात्र ते त्याच्या हातात दिसले की आठवते.

त्यानंतर आम्ही एक नियम केला. नवे काम प्रथम टाकाऊ घड्याळावर दहा वेळा करायचे, आणि दुसऱ्याच्या ठेव्याला हात त्यानंतर लावायचा. ज्यांना हा नाद लागेल त्यांनी हा नियम आमच्यासारखा किंमत मोजून शिकू नये.

पेटी पारखावी कशी

जुनी पेटी समोर आली की तिच्या पितळी बिजागऱ्यांकडे आणि चकाकीकडे पाहू नये. पहिली परीक्षा त्या एका रेषेची. टोकदार काडी नळीतून सोडावी. ती स्वतःच्या वजनाने, न अडखळता आणि न खुळखुळता खाली आली पाहिजे. मग चकतीचे सर्वांत लहान भोक समोर आणून टोक त्यात अलगद बसते का पाहावे. एका भोकावर भागू नये; चकती फिरवून चारी बाजूंची भोके तपासावीत. कोणी पूर्वी लोखंडी हातोडीने दणके घातले असतील तर सांगाड्याचा बाहू किंचित वाकलेला असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, या परीक्षेत दिसतो. असा सेट शोभेला ठेवावा, कामाला घेऊ नये.

दुसरी परीक्षा काड्यांच्या तोंडांची. अंगावर गंजाचे डाग असले तरी चालतात. तोंडावर खड्डा किंवा टवका असला तर तो प्रत्येक रिव्हेटवर उमटतो. तिसरी परीक्षा एकजातीपणाची. रिकामी भोके बुजवण्यासाठी दुसऱ्या पेढीच्या काड्या भरलेल्या असतात. निरनिराळ्या पेढ्यांच्या काड्यांची जाडी जुळेलच असे नाही. सैल काडी रेषा सोडते. म्हणून भरलेल्या परंतु मिश्र पेटीपेक्षा दहा भोके रिकामी असलेली एकजात पेटी आम्ही अधिक चांगली समजतो. रिकामे भोक निदान खरे बोलते.

लेथ असेल तर त्याचा मुख्य दांडा हाताने फिरवून पाहावा, तो मऊ फिरला पाहिजे. चांगला कोलेट बसवून त्यात सरळ सळई धरावी आणि फिरवताना तिचे टोक भिंगातून पाहावे. टोक गोल गोल हिंडत असेल तर दोष कोलेटचा की दांड्याचा हे दुसरा कोलेट घालून ठरवावे.

आणखी एक सावधगिरी. जुन्या मेजाच्या खणांत हत्यारांबरोबर इतर वस्तूही येतात. अंधारात चमकणाऱ्या जुन्या काट्यांवरचा आणि तबकडीवरचा रंग पुष्कळदा रेडियमचा असतो. चमक गेलेली असली तरी रेडियम गेलेले नसते. त्याचे निम्मे होण्यास सुमारे १,६०० वर्षे लागतात. तो रंग खरवडू नये, त्याची पूड श्वासात जाऊ देऊ नये. चिठ्ठी नसलेल्या बाटल्या उघडून वासही घेऊ नये. पूर्वी घड्याळजी भाग उजळण्यासाठी सायनाइडचा उपयोग करीत.

जपणूक आणि वापर

आपल्या हवेत या हत्यारांचा मोठा शत्रू पावसाळा. लाकडी पेटीतले मखमलीचे किंवा बनातीचे अस्तर ओल धरून ठेवते आणि काड्या आतल्या आत गंजतात. पेटीत कापराची वडी ठेवण्याची जुन्या कारागिरांची रीत आहे. हल्ली ओल शोषणाऱ्या पुड्या मिळतात, त्याही चालतात. पण खरा उपाय एकच: पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पेटी उघडावी, प्रत्येक काडी सुक्या फडक्याने पुसून तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. घामेजलेल्या बोटांचा ठसा एका रात्रीत गंज होतो.

गंज काढताना अंगावरचा तांबूस थर तेलात भिजवून लाकडी काडीने घासून काढावा. तोंडाला आणि मापाच्या कडेला पॉलिश कागद कधीही लावू नये. हत्यारे ध्वनिक्षेपकाजवळ किंवा चुंबकाजवळ ठेवू नयेत; चुंबकत्व आलेली काडी हेअरस्प्रिंगलाही ते देते आणि चांगले घड्याळ विनाकारण पुढे धावू लागते. पेटीवर पूर्वीच्या कारागिराने कोरलेली अक्षरे, खुणा, चिकटवलेली चिठ्ठी काढून टाकू नये. ती पेटी कोणी वापरली याचा तोच एक पुरावा असतो.

नुसते जपून मात्र भागत नाही. वापरातून काही गोष्टी अशा कळतात की त्या कोणत्याही यादीत नसतात. आमच्या एका पेटीत दोन काड्यांची डोकी इतरांपेक्षा अधिक चपटी झालेली आहेत. पहिल्यांदा आम्हांला तो दोष वाटला. काम करू लागल्यावर समजले की नेहमीच्या खिशातल्या घड्याळांचे रिव्हेट मारायला याच दोन लागतात. त्या आधीच्या घड्याळजीने आयुष्यभर काय केले, ते त्या डोक्यांवर लिहिलेले होते.

आजच हे सांगण्याचे कारण

१९६९ च्या डिसेंबरात जपानमध्ये स्फटिकावर चालणारे मनगटी घड्याळ बाजारात आले, आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत चावीच्या घड्याळांचे जग ओसरले. आपल्याकडे एच. एम. टी. ने १९६१ साली जपानी सहकार्याने बंगळुरात घड्याळे करायला सुरुवात केली होती; 'जनता' हे तिचे चावीचे घड्याळ किती मनगटांवर होते ते आपण जाणतोच. २०१६ साली ती घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय झाला. जुन्या घड्याळांचे कारखाने गेले, त्यांच्यामागून सुटे भागही संपत चालले. मोडलेला आस पूर्वी पाकिटातून काढून बसवता येई. आता पुष्कळ घड्याळांसाठी तो मिळत नाही. तो पोलादाच्या सळईतून कातावा लागतो: पोलाद लाल करून तेलात बुडवायचे, मग निळा रंग येईपर्यंत पुन्हा तापवायचे, लेथवर कातायचे, पिव्हटला चकाकी द्यायची आणि मग स्टेकिंग सेटवर बसवायचा. कातताना आस पितळी टोपीत चिकटवून धरतात तो लाखेने, आणि ही लाख आपल्याच देशातल्या झाडांवरून जगभर गेलेली आहे.

म्हणजे परिस्थिती अशी की जुन्या पेटीची गरज पूर्वी कधी नव्हती तेवढी आज आहे, आणि नेमक्या याच वेळी त्या पेट्या फुटून सुट्या होत आहेत. घड्याळजी वारतो, मुलगा दुसऱ्या व्यवसायात असतो, दुकान रिकामे करून हवे असते. पेटी भंगारात जाते, किंवा आमच्यासारख्या संग्राहकाच्या काचेच्या कपाटात. खरे सांगायचे तर कामाच्या दृष्टीने दोन्हींत फारसे अंतर नाही. भंगारवाला पेटी एका दिवसात निकामी करतो. संग्राहक तिला हात न लावता, गंज चढू देऊन, वीस वर्षांत करतो. आम्ही स्वतः काही पेट्या अशाच कपाटात ठेवल्या होत्या हे कबूल केले पाहिजे.

ज्या वृद्ध घड्याळजींनी आमची चूक दाखवली ते आज नाहीत. शेवटची दोन वर्षे त्यांचा हात कापत असे, पण स्टेकिंग सेटवर त्यांची रिव्हेट बिनचूक बसे. सांगाडा त्यांच्यासाठी रेषा धरून ठेवी. जाण्याआधी त्यांनी आपली पेटी आमच्या हवाली केली. आम्ही तिची किंमत विचारली तर म्हणाले, "पैसे नकोत. एक करा. कोणी शिकायला आला तर त्याला यावर काम करू द्या. आणि तोडू नका." गेल्या वर्षापासून एक तरुण दर शनिवारी आमच्याकडे येतो. टाकाऊ घड्याळांवर त्याचे नऊ आस बसवून झाले. पैकी सहा वाया गेले. दहावा त्याच्या आजीच्या घड्याळाचा आहे. तो बसवायची घाई त्याला आहे. आम्ही अजून परवानगी दिलेली नाही.

श्रोतेहो, तुमच्यापैकी काहींच्या घरी माळ्यावर, जुन्या ट्रंकेत अशी एखादी पेटी असेल. कोणी आजोबा, मामा, शेजारी या धंद्यात असतील. घर आवरताना ती पेटी हाती आली तर तिच्यातली एकही काडी वेगळी करू नका, घासून चकचकीत करू नका, वजनावर देऊ नका. आजूबाजूला अजून घड्याळाचे काम करणारा कोणी आहे का ते विचारा आणि ती त्याला दाखवा. विकायची असेल तर अख्खी विका. द्यायची असेल तर काम करणाऱ्या हातात द्या. आणि ठेवायचीच असेल, तर पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ती उघडायला विसरू नका.